बुरोंगाची डॉबर

आमच्या बुरोंगा गावात माणसाला काहीही होता येतं. दारुडा होता येतं. शेजाऱ्याची मेंढी कापून खाता येते. दुसऱ्याच्या बायकोबरोबर पळून जाऊन दोन वर्षांनी खाली मान घालून परतही येता येतं. काही महिने लोक नाकं मुरडतात, मग एखाद्या शनिवारी पबमध्ये कोणीतरी त्याच्यापुढे बिअरचा ग्लास सरकवतं आणि विषय मिटतो. फक्त एक व्हायचं नाही. डॉबर व्हायचं नाही. डॉबर म्हणजे नाव सांगणारा, मग मास्तरला सांगा, मुकादमाला सांगा नाहीतर पोलिसाला. त्याला माफी नाही, आणि त्याच्या पोरांनाही लवकर नाही.

शब्द तसा रोजच्या वापरातला. डॉब इन करणे. शाळेच्या नाताळासाठी दुकानात डबा ठेवतात, त्यात सगळे डॉब इन करतात, म्हणजे आपापला वाटा टाकतात. सभेला तुम्ही गैरहजर राहिलात तर तुमच्या पाठीमागे तुम्हालाच सेक्रेटरी म्हणून डॉब इन करतात, आणि मग वर्षभर शिव्या घालत हॉलच्या खुर्च्या तुम्ही उचलायच्या. इथवर सगळं हसतखेळत चालतं. तिसऱ्या अर्थापाशी आमचं हसू संपतं. एरवी इतकी गोड माणसं, पण त्या एका बाबतीत दगड!

नोला प्रिडमोरला हे लहानपणीच कळलं होतं. नऊ वर्षांची असताना तिने मास्तरांच्या घोड्याचं दावं कोणी कापलं ते सांगून टाकलं होतं. त्या पोराला वेत बसले, आणि हिवाळा संपेपर्यंत शाळेत एकही जीव तिच्याशी बोलला नाही. घरी बापानेही जवळ घेतलं नाही. म्हणाला, "तोंड आवरायला शीक." नोला शिकली. इतकी शिकली की पुढे तिचा नवरा रेज सॉमिलमध्ये ओंडक्याखाली सापडून गेला, आणि टेलिफोन एक्सचेंजवर बसायला कोणी बाई हवी झाली, तेव्हा क्लॅरी ड्युएलने भर सभेत तिलाच डॉब इन केलं. क्लॅरी म्हणजे पेंडीच्या दुकानाचा मालक आणि आगीच्या ब्रिगेडचा कॅप्टन, नोलाच्या वर्गातला. म्हणाला, "हिच्या पोटात गेलं की गेलं. गावाचे फोन हिच्याच हातात द्या."

तर बारा वर्षं गावाचे फोन तिच्या हातात होते. पोस्टाच्या मागच्या खोलीत बोर्ड, बोर्डावर प्रत्येक घराची एक छोटी झडप. कोणी आपल्या फोनचा दांडा फिरवला की त्याची झडप खटकन पडायची, नोला पिन खुपसून विचारायची, "कोण हवंय?" कोणाचं कोणाशी सूत आहे, कोणाचा बँकेशी वाद आहे, सगळं तिच्या बोटांतून जायचं. तिने कधी ब्र काढला नाही. आगीचा भोंगाही तिच्याच उजव्या हाताशी होता. वणव्याचा फोन आला की बटण दाबायचं, मग ब्रिगेडची पोरं हातातलं टाकून शेडकडे पळायची.

त्या पोरांत तिचा मुलगा केल्विन, म्हणजे केल, होता. एकोणीस वर्षांचा, उंच, खांद्यात जरा वाकलेला. बाप गेल्यापासून हा पोरगा म्हणजे घरात एक बंद पेटी झाला होता. शाळा सुटली, सॉमिलमध्ये टिकला नाही, पोरी त्याच्याकडे बघायच्या नाहीत. ब्रिगेडमध्ये गेला आणि काय बदलला म्हणून सांगू! पंपाचं यंत्र तोंडपाठ, नळी अशी गुंडाळायचा की क्लॅरी दुसऱ्यांना बोलवून दाखवायचा. पबमध्ये म्हाताऱ्यांनी त्याला नावाने हाक मारायला सुरुवात केली. पोरगा शिट्टी वाजवत घरी यायला लागला. नोलाने त्या शिट्टीसाठी देवाचे आभार मानले होते, खरंच मानले होते.

पौंड जाऊन डॉलर आल्याला दोनेक वर्षं झाली असतील, त्या उन्हाळ्याची गोष्ट. पाऊस सप्टेंबरातच संपला होता. गवत इतकं वाळलं होतं की त्यावरून कुत्रं धावलं तरी कडकड आवाज यायचा. आमचा नाताळ भर उन्हाळ्यात येतो, त्याच्या आधीच रस्त्याकडेचं गवत पेटलं. ब्रिगेडने तासाभरात विझवलं. शेडवर सगळ्यात आधी केल पोचला होता.

दुसऱ्या आगीच्या वेळी नोला बोर्डावर होती. दुपार होती, झडप पडली. तिने पिन घातली आणि रुमालातून आल्यासारखा जाडसर आवाज आला, "खिंडीत धूर आहे. भोंगा वाजवा." तिने भोंगा वाजवला, मग झडपेकडे बघितलं. झडप वेदरली कुटुंबाची होती. वेदरली मंडळी सुट्टीत समुद्रावर गेली होती, घराला कुलूप होतं. आणि तो आवाज? अहो, रुमाल बांधा नाहीतर उशी बांधा, आपल्या पोराचा आवाज आईला कळणार नाही होय? बोलायच्या आधी तो घसा खाकरतो, तसाच खाकरला होता. वेदरलींचं घर ब्रिगेडच्या शेडला लागून. तेव्हाही केल सगळ्यात आधी पोचला, आणि सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली.

त्याने मुद्दाम फोन केला, हे तिला पुढे कितीदा आठवलं. लावून पळून गेला नव्हता. आग हाताबाहेर जाऊ नये म्हणून स्वतःच कळवलं, मग स्वतःच जीव तोडून विझवली. त्याला जाळायचं नव्हतंच, त्याला विझवायचं होतं. पण गवताला हे कोण समजावणार?

तिसरी आग वाऱ्याने फिरली. डीगनच्या कुरणात शिरली आणि कुंपणाच्या कोपऱ्यात अडकलेल्या त्याच्या दुभत्या गाई जळाल्या. जळाल्या म्हणजे सगळ्या मेल्या नाहीत, ते आणखी वाईट. डीगनला बंदूक घेऊन कुरणात जावं लागलं. त्या दिवशी केल घरी आला तो न्हाणीघरात गेला आणि कितीतरी वेळ आत ओकत राहिला. नोला दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होती. दार ठोठावायला तिने हात उचलला, आणि टॉवेल दाराच्या मुठीला अडकवून स्वयंपाकघरात निघून गेली.

त्यानंतर तिचा जीव टांगणीलाच लागला. रात्री डोळ्याला डोळा नाही. तिने काय काय करून बघितलं! घरातल्या काडेपेट्या पिठाच्या डब्यात लपवल्या. त्याच्या गाडीची किल्ली "हरवली". दोन दिवस खोटं आजारपण काढून त्याला उशाशी बसवून ठेवलं. फक्त एक केलं नाही, त्याला विचारलं नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला तर? मग तिला कळलेलं असेल, उघड, दोघांच्या समोर टेबलावर, आणि मग आई म्हणून ती काय करणार होती? न विचारता तिला अजून स्वतःला फसवता येत होतं. थोडंसं. बोटभर.

डोंगराच्या धारेच्या खाली मिस्टर पास्क राहायचे. सॉमिलच्या करवतींना दात लावून लावून म्हातारे झालेले, विलायतेतल्या लिंकनशरहून तरुणपणी आलेले, आता दोन्ही गुडघे गेलेले. एकच रस्ता, घराभोवती निलगिरी, आणि बायको पुरलेली परसात, त्यामुळे तिथून हलायचं नाव नाही. नोला दर रविवारी त्यांना मटणाचं पातेलं नेऊन द्यायची. त्या रविवारी ती बसून राहिली, निघेना. शेवटी म्हणाली, "मिस्टर पास्क, तुमच्या गावाला डॉबर असायचे का हो?"

म्हातारा हसला. "नव्हते गं पोरी. आमच्याकडे डॉब म्हणजे गोटी. खेळायच्या गोट्या रिंगणात ठेवतात ना, टक्कन, ते डॉब. दगड मारला तरी डॉब. चुगलखोराला आमच्याकडे चुगलखोरच म्हणायचे."

"मग इथे?"

"इथे आलो तेव्हा तरी हा अर्थ मी ऐकला नव्हता. तुझी आजी अशा माणसाला याहून घाण शिवी द्यायची, ती मी तुझ्यापुढे उच्चारत नाही. हा डॉब युद्धानंतर पोरांच्या तोंडी आला असावा. कुठून आला, देव जाणे. बेड्या घालून आणलेल्या कैद्यांचा देश हा, म्हणून, असं कोणी कोणी सांगतात. मला नाही पटत. बेडीतली माणसं मेली कधीच, आणि शब्द कालचा." त्यांनी हाडातला मगज चोखला. "माझ्या मते गोष्ट एकच आहे. हातातली वस्तू सगळ्यांसमोर खाली ठेवायची. गोटी असो, नाणं असो, नाहीतर माणसाचं नाव. ठेवली की परत उचलता येत नाही, खेळ सुरू होतो."

"आणि नाही ठेवली तर?"

"तर मूठ आवळून बसावं लागतं. मुठीत काय आहे त्यावर आहे सगळं." म्हाताऱ्याने तिच्याकडे जरा निरखून बघितलं. "डीगनच्या गाईंबद्दल बोलतेयस का तू?"

"नाही, सहज," नोला म्हणाली, आणि पातेलं उचलून जवळजवळ पळाली.

दुसऱ्या दिवशी ती क्लॅरीच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं, क्लॅरी पोती मोजत होता. हिने दार लावून घेतलं.

"क्लॅरी, आगी आपोआप लागत नाहीयेत."

"मग मी काय दूध पितो का? कळतंय मला."

"मला माहीत आहे कोण..."

क्लॅरीने हातातलं पोतं टाकलं. "थांब. नोला, थांब. नाव नको घेऊस."

"अरे पण ऐक तरी!"

"ऐकलं की माझ्या कानात गेलं. मग मला मॅरिगलच्या पोलीस चौकीवर फोन करावा लागेल, आणि तो जोडून द्यायला तूच. म्हणजे तू डॉबर आणि मी तुझा साथीदार! मला या गावात दुकान चालवायचंय, बाई. तुलाही इथेच राहायचंय."

"माणूस मरेल, क्लॅरी. धारेखाली पास्क आहेत. हॉलिसची सून बाळंतीण आहे."

"कोणी मरत नाही. आपण आपल्या पद्धतीने करू ना." क्लॅरी आता समजुतीच्या आवाजात बोलायला लागला. "वाऱ्याच्या दिवसांत धारेवरच्या टेहळणीच्या मचाणावर माणूस बसवतो. जो कोण दिवटा असेल तो समजून जाईल की आपल्याला वास लागलाय. गुमान बसेल घरात. नाव नाही, गाव नाही, पोलीस नाही. बरं?"

नोलाने "बरं" म्हटलं. आणि खोटं कशाला बोला, दुकानातून बाहेर पडताना तिला हलकं वाटलं. तिने सांगितलं होतं आणि सांगितलंही नव्हतं. देवाने एखाद्याला सुटका द्यावी ती अशी, असं तिला त्या दिवशी वाटलं.

शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, उद्या उत्तरेचा तापलेला वारा, उद्या कोणी उघड्यावर चूलसुद्धा पेटवायची नाही. नोला चॉप्स तळत होती. केल आला तो शिट्टी वाजवतच.

"आई, उद्या मला लवकर उठव. क्लॅरीने मला मचाणावर बसवलंय. एकट्याला!"

तिच्या हातातला झारा तव्यात पडला.

"एकट्याला कशाला?"

"कोणीतरी आगी लावतंय म्हणे. क्लॅरीला कोणीतरी कुणकुण दिली." केल ताटाकडे बघत बोलत होता. "तर तो म्हणाला, तिथे बसायला तुझ्याइतका भरवशाचा माणूस माझ्याकडे दुसरा नाही. सगळ्यांसमोर म्हणाला."

"कोणी कुणकुण दिली, ते सांगितलं का?"

"नाही. नावं कुठे घेतात असली."

दोघं जेवायला बसली. बाहेर वारा अजून सुटला नव्हता. केलने बटाटे घेतले, सॉस घेतला, हळूहळू खात राहिला. त्याचे कान लाल झालेले तिला दिसत होते. हीच वेळ होती. तिने काटा खाली ठेवला.

"केल."

"हं?"

त्याने वर बघितलं. रेजचे डोळे. नोलाच्या घशात शब्द आला, दाताशी आला.

"बटाटे आणखी वाढू का?"

"वाढ," केल म्हणाला.

सकाळी तो गेला तेव्हा त्याच्या गाडीच्या मागच्या हौद्यात रॉकेलचा डबा होता. तसा तो ब्रिगेडच्या प्रत्येक गाडीत असतो. मोठा वणवा आला तर त्याच्या वाटेतलं गवत आधीच जाळून टाकायला लागतो. नोलाला हे माहीत होतं, तिने असले डबे आयुष्यभर बघितले होते. तरी त्या डब्यावरून तिची नजर हलेना.

वारा नऊच्या सुमाराला सुटला. असा वारा की भट्टीचं दार कोणी उघडून विसरून गेलंय. पोस्टाच्या पत्र्याला सूर लागला, बाहेरच्या तारा घुमायला लागल्या. नोलाने क्लॅरीच्या घरी फोन लावला. त्याची बायको म्हणाली, तो टँकर घेऊन नदीपलीकडे गेलाय, तिकडे फोन नाही. मग तिने पास्कांना लावला. म्हाताऱ्याने उचलला नाही, कानानेही अधू होता. हॉलिसच्या सुनेने उचलला, मागे तान्हं रडत होतं.

"ग्वेनी, आज गावात येऊन बस ना माझ्याकडे."

"अहो गाडी हे घेऊन गेलेत. का हो, काही आहे का?"

"नाही गं, काही नाही. उकाडा आहे म्हणून म्हटलं."

अकराला मचाणाची झडप पडली. नोलाने पिन खुपसली.

"आई, सगळं ठीक आहे, लिहून ठेव." केलचा आवाज मोकळा, वाऱ्यावर ओरडत. "इथून पार पास्कचं छप्पर दिसतंय. ऐकतेयस ना?"

"हो."

"काय झालं? गप्प का?"

"काही नाही. पाणी पी भरपूर."

"पितोय गं!" आणि त्याने ठेवला.

ती रिकामी पिन हातात धरून बसली. त्याच्या आवाजातला तो आनंद तिला ओळखीचा होता. आगीच्या दिवशीच तो असा आनंदात असायचा. हेच तिच्या डोक्यात बसलं, दुसरं काही शिरेना. डोळ्यांपुढे डीगनच्या गाई, त्या कोपऱ्यातल्या, आणि त्यांच्या जागी ग्वेनी हॉलिस. तिने मॅरिगलच्या लायनीत पिन घातली. सार्जंट लॅव्हर स्वतःच बोलला.

"बुरोंगा एक्सचेंज," नोला म्हणाली. "मला एक नाव द्यायचंय. आगी लावणाऱ्याचं."

"द्या."

"केल्विन प्रिडमोर. आत्ता धारेवरच्या मचाणावर आहे."

"आपण कोण?"

"मी त्याची आई."

पोलिसांची गाडी गावातून वर गेली ती सगळ्यांनी बघितली. तासाभराने खाली आली, मागे केल बसलेला, तेही सगळ्यांनी बघितलं. त्याने झटापट केली नाही. तुझ्या आईनेच फोन केला, असं सार्जंटने सांगितल्यावर त्याने आधीच्या तिन्ही आगी कबूल केल्या. विचारलं नव्हतं तेही सांगितलं, वेदरलींची खिडकी कशी उघडली तेसुद्धा. त्या दिवशी बुरोंगात आग लागली नाही. संध्याकाळी वारा दक्षिणेला फिरला, चार थेंब पडले, पास्क ओसरीत बसून राहिले आणि ग्वेनीच्या बाळाने शांत झोप काढली.

आणि तिथेच नोला फसली. आग लागली असती आणि कोणी गेलं असतं, तर गावाने छाती पिटली असती, आधी का नाही सांगितलंस म्हणून तिला धारेवर धरलं असतं. पण धूरच नव्हता! नसलेला धूर ती कोणाला दाखवणार? पबमध्ये बसून लोक म्हणायला लागले, पोरगा पहारा देत बसला होता, त्याने एक काडी तरी ओढली होती का? चुकला होता, मान्य. डीगनला भरपाई दिली असती, क्लॅरीने मागे नेऊन दोन थोबाडीत ठेवल्या असत्या, झालं असतं. पोटच्या पोराला? टेलिफोनवरून? डीगन, ज्याच्या गाई गेल्या, तोसुद्धा म्हणाला, "मी असं नसतं केलं."

क्लॅरी आला, टोपी न काढता उभा राहिला. "तुला सांगितलं होतं ना, नाव घेऊ नकोस म्हणून."

"तुझ्याजवळ नाही घेतलं," नोला म्हणाली. "तू घेऊ दिलं असतंस तर त्यांच्याजवळ घ्यावं लागलं नसतं."

"मी त्याला माझ्या पोरासारखा..."

"म्हणूनच बसवलास त्याला तिथे! माझं तोंड दाबलंस आणि त्याच्या हातात रॉकेल दिलंस!"

क्लॅरी टोपी सारखी करून वळला. तो गेला, आणि पुढे तिच्याशी कधीच बोलला नाही. तिचं म्हणणं खरं होतं, हे तिला माफ न करायला पुरेसं कारण होतं.

कोर्टात नोलाला उभं केलं. तिने झडपेचं सांगितलं, आवाजाचं सांगितलं, घसा खाकरण्याचंही सांगितलं. केलला दोन वर्षांची कैद झाली. त्यानंतर गावाने तिला वाळीत टाकलं. ओरडणं नाही, दगड नाही, आम्ही काही रानटी नाही. फोनवर लोक फक्त नंबर सांगायचे, नाव घेत नव्हते, हवापाणी विचारत नव्हते. दुकानात नाताळाच्या डब्यात तिने नोट टाकली, ती दुसऱ्या सकाळी पाकिटात घालून दाराखालून परत आली. ब्रिगेडच्या पोरांसाठी ती दरवर्षी सँडविच करायची. त्या वर्षी तिचं नाव कोणी सुचवलंच नाही, तरी ती करून घेऊन गेली. शेडच्या दारात पोरं बाजूला झाली, थाळा टेबलावर राहिला, माशा बसल्या, ती उचलून घेऊन आली. एकटे पास्क तेवढे रविवारी पातेलं घ्यायचे. आभार मानायचे आणि विषय काढायचे नाहीत.

हे सगळं ती सोसू शकली, कारण तिच्याजवळ एक गोष्ट होती. केलने चौथी आग लावली असती, आणि त्या आगीत माणूस मेला असता, आणि मग तिच्या पोराला फाशी नाहीतर जन्मठेप झाली असती. त्यातून तिने त्याला वाचवलं होतं. गावाला नसेल कळत. हे ती बोर्डापुढे बसून मनात पुन्हा पुन्हा म्हणायची, जसा आजारी माणूस औषधाची वेळ धरतो.

केलने वर्षभर तिला भेट नाकारली. ती दर महिन्याला बसने जायची, फाटकावरचा शिपाई आत जाऊन यायचा, "नाही म्हणतो, बाई," आणि ती आणलेला केक त्याच्याच हातात देऊन परत फिरायची. दुसऱ्या उन्हाळ्यात शिपाई म्हणाला, "या."

केल बारीक झाला होता, खांदे मात्र आता सरळ होते. मध्ये टेबल. दोघांनी थोडं बसच्या वेळेबद्दल बोलून घेतलं, पास्कांच्या गुडघ्यांबद्दल बोलून घेतलं.

मग केल म्हणाला, "त्या दिवशी मी लावणार नव्हतो."

नोलाने पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"तू विश्वास ठेव नाहीतर ठेवू नकोस. डीगनच्या गाईंनंतर माझं संपलं होतं. आणि क्लॅरीने मला तिथे बसवलं ना, सगळ्यांसमोर, तेव्हा वाटलं की आता आगीची गरजच नाही. नुसतं बसलो तरी मी कोणीतरी आहे. सकाळपासून त्याच खुशीत होतो मी. तुला फोन केला तेव्हाही."

नोला पुढे वाकली. म्हणाली, "मला कसं कळणार होतं, बाळा?"

"लायनीवर होतो ना मी तुझ्या!" त्याचा आवाज पहिल्यांदा चढला, शिपायाने मान वळवली, तसा तो पुन्हा खाली आला. "क्लॅरीला सांगितलंस. सार्जंटला सांगितलंस. सगळ्यांना फोन जोडून देतेस तू, आई. मला एकदा विचारायचं. न्हाणीघराच्या बाहेर उभी होतीस तू, तुझे पाय दिसत होते मला दाराखालून. मी वाट बघत होतो."

तिने टेबलाची कड घट्ट धरली. तिच्याकडे अजून एकच प्रश्न उरला होता, आणि त्याचं उत्तर तिच्या बाजूचं निघावं म्हणून ती मनात अक्षरशः भीक मागत होती.

"विचारलं असतं, तर खरं सांगितलं असतंस?"

केलने विचार केला. प्रामाणिकपणे केला, तिला ते दिसत होतं.

"नाही बहुतेक," तो म्हणाला. "नाहीच म्हटलं असतं मी. पण तू विचारल्यावर पुन्हा लावली नसती. पहिल्या आगीनंतरच विचारलं असतंस, तर दुसरीसुद्धा नाही."

नोलाने मान हलवली. तिने पिशवीतून केक काढला, कागद सोडवला आणि त्याच्यापुढे सरकवला, आणि तो खाईपर्यंत ती समोर बसून राहिली.